गालातलं बुटुक

मोत्याला नाक असतं. आपण त्याला भोक म्हणून मोकळे होतो, पण सुनीती नाकच म्हणायची, कारण तिची आई तसं म्हणायची. जुन्या बसरा मोत्याचं नाक इतकं बारीक, की त्यात सुई शिरत नाही, तार शिरत नाही. शिरतं ते फक्त रेशमाचं टोक, आणि तेही लाडीगोडी केल्यावर.

ती लाडीगोडी सुनीतीच्या तोंडात होती. रेशमाचे तंतू ओठांत धरायचे, जिभेच्या शेंड्यानं ओले करायचे, चिमटीत एक पीळ द्यायचा. टोक उंदराच्या मिशीसारखं ताठ व्हायचं आणि मोती लग्नाळू मुलासारखा आपणहून पुढे यायचा.

कसबा पेठेत, तांबट आळीचे ठोके ऐकू येतील इतक्या अंतरावर, तिचं गाठवायचं दुकान होतं. दागिना घडवतो सोनार. तो रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून गळ्यावर बसेल असा करतात ते गाठवणारे. आईकडून आलेलं हे काम सुनीती पस्तीस वर्षं करत होती. पस्तीस वर्षं पेठेतल्या सोवळ्याओवळ्याच्या बायका तिच्याकडून मंगळसूत्रं गाठवून नेत होत्या, घरी गेल्यावर गुपचूप धूत होत्या, आणि त्या धाग्याला काय लागलेलं असतं याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट बोलायची कशाला?

आणि मग त्या श्रावणात सुनीतीच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणजे खरोखरच पळालं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. आधी अंगातून गरम वाफा निघू लागल्या, मग झोप गेली, आणि आता जीभ टाळूला चिकटायला लागली. पोळीचा घास तोंडात फिरायचा, फिरायचा, आणि उतरायचाच नाही. हे सगळं तिनं सोसलं असतं. पण रेशमाचं टोक ओठांत धरून बाहेर काढलं की ते झाडूसारखं फिसकारायचं. मोती नाक मुरडायचा.

तिनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं. पाण्यानं तंतू फुगले. डिंक लावला, तो नाकातच वाळून बसला आणि मोती सोडवायला दुपार गेली. मेणानं मोती मळकट दिसायला लागला. शेवटी गुलाबपाणी आणलं, तेव्हा दाराशी खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवणारे श्यामसुंदरराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता अत्तरही शिंपड. मोती जावयासारखा रुसलाय असं दिसतंय."

श्यामसुंदरराव म्हणजे तिचे यजमान. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून बायकोलाच शिकवत असत.

"तुम्ही कोडं सोडवा."

"तेच सोडवतोय. उभा शब्द, तीन अक्षरी, 'ओलावा नसलेलं'."

"अहो!"

"को-र-डं," त्यांनी अक्षरं मोजली आणि लिहून टाकलं.

काम करता करता ओव्या म्हणायची सवय सुनीतीला आईनंच लावलेली. पाठ केलेल्या नव्हेत. ओठावर येईल ती. त्या दिवशी फिसकारलेला धागा दिव्यासमोर धरून ती स्वतःशीच गुणगुणली:

*तोंडाची आटली विहीर, कुणी नेलं गं पाणी,*
*दारात भ्रतार माझा गातो टोमण्याची गाणी.*

"यमक बरं आहे," दारातून आवाज आला. "मात्रा तपासायला हव्यात."

हसण्यावारी नेलं तरी सुनीती दिवस मोजत होती. गिऱ्हाइकांची काळ्या मण्यांची कामं ती सुईनं भागवत होती. काळ्या मण्यांची नाकं मोठी. पण मार्गशीर्षात त्यांच्या एकुलत्या लेकीचं, सुरुचीचं लग्न होतं, आणि कपाटात लाल मखमलीच्या डबीत एक तन्मणी पडून होता. पाच पदर, दोनशे बत्तीस बारीक बसरा मोती, मधोमध पाचूचं पदक. सुनीतीच्या लग्नात तो तिच्या आईनं स्वतःच्या हातानं गाठवला होता. आता जुनं रेशीम कुजून मोती सुटायला लागले होते. सुरुची सहा वर्षांची असताना तो गळ्याला लावून आरशासमोर उभी राहिली होती, तेव्हा सुनीती म्हणाली होती, "तुझ्या लग्नात मी गाठवून देईन हं. माझ्या हातानं." सुरुची हे विसरली असेल. सुनीती विसरली नव्हती.

एके दिवशी मच्छिंद्र येऊन गेला. लक्ष्मी रस्त्यावर त्याचं नवं दुकान होतं, पांढऱ्या दिव्यांचं. पोरगा नम्र होता, म्हणून त्याच्यावर रागावताही यायचं नाही.

"काकू, द्या माझ्याकडे. मशिनवर नाकं जरा मोठी करून घेतो आणि नायलॉनमध्ये ओवतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि मोती तडकला तर?"

"शंभरात दोन-तीन तडकतात. त्या जागी नवे घालू, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," सुनीती म्हणाली.

मच्छिंद्र गेल्यावर तिनं डबी उघडली आणि दोनशे बत्तीसमधले पाच-सहा कोणते असतील, ते बघत बसली.

हे सगळं सुरुचीच्या लक्षात आलं ते एका रविवारी. एरवी ती हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्येच निम्मं आयुष्य काढायची. रविवारी आईला थालिपीठासोबत घोटाघोटानं पाणी पिताना तिनं पाहिलं, चार प्रश्न विचारले, फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "आई, मी अपॉइंटमेंट घेतली आहे. शनिवार पेठेत डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून आहेत. माझ्या मैत्रिणीच्या आईला खूप फरक पडला. त्या तुझी लाळ मोजतील."

"काय मोजतील?"

"लाळ. टेस्ट असते. रिकाम्या तोंडानं जायचं, आधी दीड तास काही खायचं-प्यायचं नाही."

"टेस्ट म्हणजे चाचणी," श्यामसुंदररावांनी मान डोलावली. "तोंडी परीक्षा. बाईसाहेब, आता अभ्यासाला लागा."

आणि तो आठवडाभर त्यांनी हा विषय सोडला नाही. सकाळी चहा देताना, "प्रश्नपत्रिका सोपी असेल का हो?" दुपारी, "प्रवेशपत्र घेतलंस का?" पेठेत कुणी भेटलं की, "हिची परीक्षा आहे, अडवू नका." त्यांना वाटत होतं ते गंमत करतायत. पण सुनीती आयुष्यात एकदाच नापास झाली होती, नववीत, गणितात, आणि पुढं नवरा मिळाला तोही गणिताचा मास्तर. तिच्यासाठी 'परीक्षा' हा शब्द गमतीचा नव्हता. नापास म्हणजे कागदावर नापास. त्या डॉक्टरीणबाईंच्या फायलीत लिहिलं जाणार, सुनीती, वय त्रेपन्न, कोरडी. आणि कसब्यात कागद फायलीत राहत नाहीत. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, आता बाईंच्या तोंडाला चव नाही म्हणे.

म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं डब्यातून गाभुळलेल्या चिंचेचं एक बुटुक काढलं, त्याला मीठ लावलं, रुमालात बांधलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढताना, श्यामसुंदरराव चपला काढायला वाकले तेवढ्यात, डाव्या गालात सरकवलं.

डॉक्टर प्रियदर्शनी मूळच्या अमरावतीच्या. पुण्यात पंधरा वर्षं राहून त्यांची मराठी पुण्याची झाली होती, पण आश्चर्य वाटलं की वऱ्हाड बाहेर पडायचं.

"बसा काकू. अंगातून गरम वाफा निघतात?"

"छे." बुटुक सांभाळत असल्यानं उत्तरं लहानच येत होती.

"रात्री घाम? झोप?"

"छान लागते."

"चिडचिड, सांधे, विसरणं?"

"काही नाही." सुनीतीला मनातून बरं वाटत होतं. सगळे प्रश्न येत होते.

"मग तक्रार फक्त तोंड कोरडं पडतं एवढीच?"

"थोडंसं."

डॉक्टरांनी खुणा केलेला एक छोटा पेला तिच्या हातात दिला. "पाच मिनिटं. मान खाली, चघळायचं नाही, जीभ हलवायची नाही, गिळायचं नाही. आपोआप जमेल ते यात सोडायचं."

"म्हणजे थुंकायचं?"

"सोडायचं."

जी बाई आयुष्यात चारचौघांत कधी थुंकली नव्हती, आणि जिनं थुंकणाऱ्यांना रस्त्यात थांबवून सुनावलं होतं, ती आता पदर सावरून पेल्यात तोंड घालून बसली. गालात बुटुक होतं, बुटुकावर मीठ होतं. पाणी आलं. आलं म्हणजे काय, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं आलं. पाच मिनिटांनी डॉक्टरांनी पेला उजेडात धरला.

"अवो माय! तीन मिली! काकू, एवढी लाळ तर तरुण पोरींना पण नसते."

सुनीतीनं रुमाल तोंडाला लावला आणि बुटुक परत त्यात घेतलं.

"थोडा पिवळसर रंग दिसतोय," डॉक्टर पुटपुटल्या, "चहाचा असेल. असो. तुम्हाला काही औषधाची गरज नाही. भरपूर पाणी प्या."

बाहेर आल्यावर श्यामसुंदररावांनी विचारलं, "काय मग?"

"पास," सुनीती म्हणाली. "फर्स्ट क्लास."

पास होऊन सुनीती घरी आली, दुकानात बसली, रेशीम ओठांत धरलं आणि बाहेर काढलं. झाडू. तिथंच तिला कळलं की आपण काय करून बसलो. ज्या बाईंनी औषध द्यायचं, त्यांच्यासमोर आपण ठणठणीत ठरलो. आता पुन्हा कोणत्या तोंडानं जायचं?

चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी कपडे धुवायला काढताना श्यामसुंदररावांना तिच्या रुमालात चिकटलेलं काहीतरी सापडलं. त्यांनी ते नखानं खरवडलं, वास घेतला, आणि दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

"चौतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षक होतो मी," ते म्हणाले. "कॉप्या मोज्यांतून काढल्या, कंपासपेटीतून काढल्या, एकदा एका मुलाच्या हाताच्या प्लास्टरमधून काढली. गालातून काढायची वेळ आजवर आली नव्हती."

सुनीती काळे मणी सुईवर घेत राहिली. त्यांना वाटलं ती हसेल. ती हसली नाही, म्हणून ते आत येऊन पाटावर बसले, जिथं गिऱ्हाइकं बसतात.

"का गं?"

"मला नापास व्हायचं नव्हतं."

"अगं, डॉक्टरकडे नापास झालं तरच औषध मिळतं. तिथं पास होणारी तू पहिलीच."

"तुम्हीच म्हणत होतात परीक्षा, परीक्षा."

 शब्दकोडं घडी घालून मास्तरांनी खिशात ठेवलं. तिनं मखमलीची डबी उघडून त्यांच्यापुढं ठेवली, मच्छिंद्रचं मशिन सांगितलं, तडकणारे पाच-सहा मोती सांगितले. मग म्हणाली, "आईच्या तोंडाला शेवटपर्यंत पाणी होतं. मलाच काय झालं?"

"तिला विचारलं होतंस कधी?"

विचारलं नव्हतं. पण आता तिला आठवलं. पन्नाशीनंतर आईच्या कनवटीला आवळकाठीची डबी असायची. कामाला बसण्याआधी एक तुकडा गालात धरायची, चूळ भरायची, मग बसायची. सगळ्यांना वाटायचं, हिला आवळकाठी आवडते. आणि शेवटची काही वर्षं आई मोत्याचं काम घेतच नव्हती, फक्त काळे मणी. सगळे म्हणायचे, डोळे गेले. डोळे तर चांगले होते. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची चूक ती बसल्या जागेवरून काढायची.

"बघ," श्यामसुंदरराव म्हणाले. "आईसुद्धा कॉपी करत होती. घराणंच आहे तुमचं."

तेव्हा मात्र सुनीती हसली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. तोंडाला नाही आलं, पण डोळ्यांना आलं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत दवाखान्यात गेली. श्यामसुंदररावांनी डॉक्टरांच्या टेबलावर रुमाल उघडून ठेवला, पुरावा म्हणून. डॉक्टर प्रियदर्शनी आधी बुटुकाकडे, मग सुनीतीकडे बघत राहिल्या.

"असं काहून केलं काकू?"

"चुकलं."

"अन् वाफा?"

"निघतात. दिवसातून सात-आठदा."

"झोप?"

"तीन वाजता उघडते ती उघडते."

"बाप्पा! म्हणजे सगळा पेपरच खोटा लिहिला तुम्ही!" असं म्हणून डॉक्टर इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बाईनं दार उघडून पाहिलं.

या वेळी पेल्यात पाच मिनिटांत अर्धा मिली जेमतेम जमलं. सुनीतीनं मान खाली घातली. डॉक्टरांनी मात्र आकडा लिहिताना सांगितलं, की हे काही तोंड लपवण्यासारखं नाही. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं, आणि लाळेच्या ग्रंथींनाही त्याची सवय असते; कुणाची लाळ कमी होते, कुणाची नाही. त्यांनी साखर आणि थायरॉइड तपासून घेतलं, बाकी कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. स्तनांची तपासणी करायला लावली, रक्तदाब पाहिला, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कुणाच्या रक्तात गाठी असं काही होतं का, हे दोनदा विचारलं. सगळं ठीक निघाल्यावरच त्यांनी संप्रेरकांचं औषध लिहून दिलं. दंडाला चोळायचं जेल आणि झोपताना एक गोळी, मात्रा कमीत कमी.

"हे मी तुम्हाला वाफांसाठी अन् झोपेसाठी देते आहे," त्या म्हणाल्या. "लाळ वाढेल असं वचन देत नाही. काही बायकांची वाढते, काहींची नाही. अभ्यास करणाऱ्यांचंही एकमत नाही. तीन महिन्यांनी मोजू. तोवर आशा ठेवा, पण बुटुक ठेवू नका."

"मार्गशीर्षात लग्न आहे मुलीचं."

"मग दिवाळीनंतर लगेच या."

जेलचा एक नियम होता. ते लावल्यावर नीट वाळू द्यायचं, आणि नंतरही तासभर तो दंड दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू द्यायचा नाही. सुनीतीनं हे घरी सांगितल्यापासून रोज सकाळी आंघोळीनंतर ती दंड उघडा टाकून बसली की श्यामसुंदरराव चहाचा कप लांबून, हात ताणून सरकवायचे.

"सोवळ्यात आहेत बाईसाहेब. शिवू नका रे कुणी."

"तुमचं तोंड चालतंय ना चांगलं? मग चालू द्या."

"देवांना नैवेद्य तरी दाखवता येतो. इथं काय दाखवायचं?"

"पाठ."

भाद्रपदात ढोल वाजले, आश्विनात झेंडू आला. वाफा आधी विरळ झाल्या, मग एक दिवस सुनीतीच्या लक्षात आलं की दिवसभरात एकही आली नाही. झोप सहापर्यंत टिकू लागली. तोंडाचं मात्र काही कळत नव्हतं. रोज सकाळी ती रेशमाचा एक तुकडा ओठांत धरून काढायची आणि दिव्यासमोर धरायची. श्यामसुंदरराव विचारायचे नाहीत. परीक्षा हा शब्द त्यांनी घरातून हद्दपार केला होता. कोड्यात आला तरी मोठ्यानं वाचायचे नाहीत. फक्त ती दिव्यासमोर धागा धरायची तेव्हा त्यांची पेन्सिल थांबायची.

वसुबारसेच्या सकाळी पेन्सिल थांबली ती थांबलीच. सुनीतीच्या चिमटीत धागा होता, आणि त्याचं टोक दोन तंतूंत फाटलेलं होतं. आधी सात-आठ तंतूंत फाटायचं.

"दोन," ती म्हणाली.

"सातावरून दोन," मास्तर म्हणाले आणि घाईनं कोड्यात काहीतरी चुकीचं लिहिलं.

दिवाळीनंतर पेल्यात सव्वा मिली जमलं. डॉक्टरांनी पेला उजेडात धरला, रंग नीट तपासला, आणि म्हणाल्या, "तोंड उघडा. गाल दाखवा." गाल रिकामा होता. "आता खरं. महापूर नाही आला काकू, पण विहिरीला ओल आली."

ओलीवर सुनीती कामाला लागली. सकाळचा वेळ तिनं त्यासाठी राखून ठेवला, दुपारपर्यंत बोलणं टाळलं, जवळ पाण्याचा तांब्या ठेवला. पहिल्या मोत्याला तिनं धागा दाखवला. मोत्यानं नाक मुरडलं. दुसऱ्यांदा मुरडलं. तिसऱ्यांदा टोक आत शिरलं आणि पलीकडून बारीकसं बाहेर डोकावलं. तिच्या ओठावर आलं:

*मोत्या रे मोत्या, किती धरशील तोरा,*
*आजीचा होतास, आता नातीचा हो जरा.*

दिवसाला दहा-बारा मोती. पूर्वी ती पन्नास ओवायची. पण बारा तर बारा. एक पदर झाला, दोन झाले. मच्छिंद्र एकदा येऊन बघून, नमस्कार करून गेला.

लग्नाच्या दोन दिवस आधी चार पदर पुरे होते आणि पाचव्यातले एकोणीस मोती बाकी होते. घरात केळवणाचा शेवटचा दिवस, पाहुणे, फोन, हळदीचं सामान. सुनीती दिवसभर बोलत होती, हसत होती, आणि दुपारी चारला दुकानात येऊन बसली तेव्हा तोंड पुन्हा तसंच, वाळवंट. धागा ओठांत धरला, काढला. चार तंतू. पुन्हा. पाच.

सुरुची दारात येऊन उभी होती. हातावर मेंदी काढलेली, म्हणून कशालाच हात न लावता. "आई, राहू दे ना. चार पदरांचाच घालीन. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," सुनीती म्हणाली, आणि पुन्हा धागा ओठांत धरला.

श्यामसुंदररावांनी लेकीला खुणेनं थांबवलं. खुर्ची दारातून उचलून त्यांनी आत, बायकोच्या समोर आणून ठेवली. बसले. चष्मा पुसला. आणि वर्गात पाढे म्हणावेत तशा सुरात सुरू केलं.

"रायवळ कैरी. झाडावरची. मिठाबरोबर."

"काय चाललंय तुमचं?"

"कवठाची चटणी. गूळ कमी पडलेला. पिकलेलं करवंद, आणि त्याच्यात एक कच्चं आलेलं. लिंबाचं उपासाचं लोणचं, सालीसकट."

सुनीती नको नको म्हणत होती, पण मान खाली धाग्याकडे होती.

"ताज्या आवळ्याची फोड. तुरट, तुरट, आणि मग पाणी प्यायलं की गोड. चिंचेचं सार, वरून हिंगाची फोडणी. आणि..." ते थांबले, जसे फळ्यावर शेवटची पायरी लिहिण्याआधी थांबायचे, "गाभुळलेल्या चिंचेचं बुटुक. मीठ लावलेलं. रुमालात बांधलेलं."

सुनीती फस्सकन हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की जिभेखाली काहीतरी झरलं. श्रावणात याच माणसानं आठवडाभर किती टोमणे मारले होते, किती आंबटचिंबट बोलला होता, पण तोंड हललं नव्हतं. आज नुसत्या शब्दांना पाणी सुटलं होतं. तिनं घाईघाईनं धागा ओठांत घेतला, पीळ दिला. टोक उंदराच्या मिशीसारखं ताठ.

"पुढं म्हणा," ती पुटपुटली. "थांबू नका."

"ही कॉपी नाही ना?"

"ही कामाला चालते. म्हणा."

"बाबा, पन्ह्यात वेलदोडा," सुरुचीनं दारातून पुस्ती जोडली. "अंबाडीची भाजी. आमसुलाची सोलकढी."

"सोलकढी कसली सांगतेस, सौम्य असते ती. कोकम नुसतं, कोरडं, जिभेवर." मास्तरांनी लेकीलाही दुरुस्त केलं आणि मग दोघं आळीपाळीनं म्हणू लागली. बाहेर तांबट आळीचे ठोके पडत होते. एकोणीस मोत्यांतले अठरा आत गेले. सुरुचीनंच शेवटी कबूल केलं की आता तिच्याही तोंडाला पाणी सुटलंय आणि तिला भेळ हवी आहे.

शेवटचा मोती सगळ्यांत बारीक होता. आईनंही तो शेवटीच ओवला असणार. सुनीतीनं धागा ओठांत धरला, डोळे मिटले, आणि टोक काढलं. मोत्यानं या वेळी नाकही मुरडलं नाही.

गाठ मारून झाल्यावर तिनं तन्मणी दिव्यासमोर उचलून धरला. पाच पदर, दोनशे बत्तीस. एकही तडकलेला नाही. मेंदीचे हात बाजूला धरून सुरुची पुढं वाकली आणि आईनं तो तिच्या गळ्यात बांधला.

*थेंबाथेंबानं झरली, आली विहिरीला ओल,*
*लेकीच्या गळ्यात मोती, भ्रतारा, आता बोल!*

 श्यामसुंदररावांनी सुनीतीच्या दंडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"तास झाला ना?"

"सकाळी सातला लावलंय हो. आता रात्रीचे आठ वाजले."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी हात पुन्हा ठेवला, आणि भेळ आणायला कुणी जायचं यावर तिघांचं भांडण सुरू झालं.